यमकाची साक्ष : लिमरिक, देशांची नावे आणि उच्चारांचे न्यायाधीश

१/
एक तरुणी हसतमुखाने वाघावर बसून फेरफटका मारायला निघते. परत येते तेव्हा ती वाघाच्या पोटात असते आणि तिचे हसू वाघाच्या तोंडावर. इंग्रजीतील अत्यंत गाजलेल्या लिमरिकांपैकी हे एक. त्यातली तरुणी आहे ‘नायगर’ची. आफ्रिकेच्या रानात वाघ नाहीत. तरीही तिथे वाघ अवतरला, कारण ‘नायगर’शी ‘टायगर’ जुळते. आज मात्र इंग्रजी बोलणारे त्या नावाच्या देशाला ‘नायजर’ किंवा ‘नीझेर’ म्हणतात. यांपैकी कोणताही उच्चार घेतला तरी यमक तुटते, आणि यमक तुटले की बिचाऱ्या वाघाला तिथे राहण्याचे कारणच उरत नाही.

२/
मित्रहो, आजचा धागा देशांच्या नावांच्या उच्चारांविषयी आहे. इतिहासावर काहीही लिहिले की पहिली प्रतिक्रिया बहुधा आशयावर नसते, उच्चारावर असते : ‘चिली काय म्हणता? चिले म्हणा’, ‘तुर्की चूक, तुर्किये बरोबर’. या दुरुस्त्यांमागचा हेतू चांगला असतो. माझे म्हणणे एवढेच, की जुना उच्चार समोर आला की त्याला गुण देण्याआधी त्याची साक्ष घ्यावी. उच्चार हे ऐतिहासिक साधन आहे, आणि या साधनाचा एक अनपेक्षित साठा हास्यकवितेत दडलेला आहे.

३/
आधी लिमरिकची थोडी ओळख. पाच ओळींचे हे पद्य. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ लांब, तिघींचे यमक एक. तिसरी आणि चौथी ओळ आखूड, त्यांचे यमक निराळे. पहिल्या ओळीत एखादी विक्षिप्त व्यक्ती येते आणि ओळीच्या शेवटी बहुतेक वेळा तिच्या गावाचे किंवा देशाचे नाव. इथेच सारी मेख आहे. ओळ स्थळनामावर संपत असल्यामुळे पुढचे यमक त्या नावाच्या उच्चारावरच बेतावे लागते. म्हणजे कवी नकळत सांगून जातो, की हे नाव माझ्या कानाला असे ऐकू येते.

४/
‘लिमरिक’ हा शब्दही मुळात स्थळनामच आहे. ते आयर्लंडमधील एका शहराचे नाव. या पद्यप्रकाराला ते १८९०च्या दशकात चिकटले. मात्र आयरिश भाषेत त्या शहराला ‘लिमरिक’ म्हणत नाहीत. तिथला उच्चार ‘लिम्नख’च्या जवळ जातो. नावांच्या मोडतोडीवर जगणाऱ्या या काव्यप्रकाराचे स्वतःचे नावही इंग्रजी मुखातून घडून आलेले आहे. इतका चोख योगायोग एखाद्या कथाकारालाही सुचला नसता.

५/
हा प्रकार लोकप्रिय केला एडवर्ड लिअर (१८१२–१८८८) याने. मूळचा तो चित्रकार. १८४६ साली त्याने राणी व्हिक्टोरियाला चित्रकलेचे धडे दिले. त्याच वर्षी त्याचा ‘अ बुक ऑफ नॉनसेन्स’ हा संग्रह निघाला आणि १८६१ साली त्याची वाढीव आवृत्ती आली. लिअरने स्वतः या पद्यांना लिमरिक म्हटलेले नाही. आपल्याला ही कल्पना टोबेगोच्या एका म्हाताऱ्यावरील जुन्या पद्यावरून सुचली, असे त्याने नोंदवले आहे. त्या जुन्या पद्यात टोबेगोशी यमक जुळते ‘सेगो’चे, म्हणजे आपल्या साबुदाण्याचे. मराठीत आपण ‘टोबॅगो’ लिहितो. १८२०च्या आसपासच्या त्या इंग्रजी कानाला तो ‘टोबेगो’ होता, हे साबुदाण्यामुळे कळते.

६/
याला एवढे महत्त्व का द्यावे? एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली. त्यापूर्वीच्या माणसांचे आवाज आपल्यापर्यंत जवळजवळ पोहोचलेले नाहीत. उरते ते लेखन. आणि इंग्रजी लेखन उच्चाराच्या बाबतीत फारसे विश्वासू नाही. तीच अक्षरे चार शब्दांत चार प्रकारे वाजतात. अशा वेळी भाषेचा इतिहास लिहिणारे तीन ठिकाणी शोध घेतात : उच्चारकोश, अल्पशिक्षितांच्या लेखनातील चुका आणि यमके. यांतले यमक विशेष मोलाचे, कारण ते देणारा साक्षीदार उच्चाराविषयी काही सांगायला बसलेलाच नसतो. त्याला फक्त हसवायचे असते.

७/
आता काही साक्षी तपासू. लिअरच्या एका लिमरिकात चिलीचा एक गृहस्थ आहे. तिथे देशाचे नाव शेवटी ‘आय’ हे अक्षर लावून छापले आहे आणि यमक आहे ‘सिली’. म्हणजे लिअरच्या तोंडी ते ‘चिली’. स्पॅनिशमध्ये त्या देशाचे नाव ‘चिले’ असे उच्चारले जाते. आपण मराठीत ‘चिली’ म्हणतो तेव्हा सँटियागोतील माणसाचे अनुकरण करत नसतो. लिअरच्या काळातील इंग्रजांकडून चालत आलेला ‘ई’कार आपण जपत असतो. ‘चिली’ मराठीत कोणत्या दारातून आली, याचा हा छोटासा पुरावा.

८/
पुढचा नमुना रशियाचा. लिअर ‘रशा’ला जुळवतो ‘हश हर’ या दोन शब्दांशी. कलकत्त्याच्या म्हाताऱ्याला तो ‘बटर’ खाऊ घालतो. मराठी कानाला ही दोन्ही यमके फसलेली वाटतील, कारण आपण ‘बटर’मधला शेवटचा ‘र’ नीट उच्चारतो. लिअर लंडनचा. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत स्वरानंतर येणारा ‘र’ त्या काळात गळून गेला होता. ‘बटर’ हे ‘बटऽ’ झाले होते आणि ‘कॅलकटा’शी चपखल बसत होते. लंडनकरांचा ‘र’ मऊ पडत चालल्याची नोंद जॉन वॉकरने १७९१च्या आपल्या उच्चारकोशात केली होती. कोशकाराने जे नियमात सांगितले, ते विनोदी कवीने लोण्यापावात दाखवले.

९/
आता शेजारी येऊ. लिअरचा एक म्हातारा नेपाळचा आहे आणि तो घोड्यावरून पडतो. पडतो, कारण देशाचे नाव तिथे ‘नेपॉल’ आहे आणि इंग्रजीत पडण्याला ‘फॉल’ म्हणतात. ‘नेपॉल’ ही लिअरची लहर नव्हती. १८११ साली प्रसिद्ध झालेल्या कर्कपॅट्रिकच्या नेपाळविषयक ग्रंथाच्या शीर्षकातही नावाचे लेखन तसेच आहे. आपला दीर्घ ‘आ’ त्या काळचे इंग्रज पुष्कळदा ‘ऑ’सारखा लिहीत. पंजाबचे ‘पंजॉब’ आणि कानपूरचे ‘कॉनपोर’ याच सवयीतून आले. आधी कानाने चूक ऐकले की आधी लेखनाने जिभेला वळण लावले, हे सांगणे अवघड. पण विनोदी पुस्तकापर्यंत पोहोचेतो हा उच्चार रुळला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

१०/
इथे थांबून सावधगिरीचा इशारा द्यायला हवा, कारण साधनचिकित्सेशिवाय साधन म्हणजे निव्वळ गप्पा. लिअर पोर्तुगालशी ‘नॉटिकल’ जुळवतो. हे यमक ओढूनताणून आणलेले आहे. त्यावरून पोर्तुगालचा उच्चार सिद्ध करायला निघाल तर फसाल. विनोदी पद्यात वाईट यमक हाही एक विनोदच असतो. म्हणून एक यमक म्हणजे एक साक्षीदार, आणि एका साक्षीवर निकाल देऊ नये. तेच यमक दुसऱ्या कवीकडे, कोशात किंवा लेखनपद्धतीत भेटले, तर मात्र त्याचे वजन वाढते.

११/
या कसोटीवर आपली वाघावरची तरुणी कशी उतरते? हे लिमरिक सहसा कॉस्मो मंकहाउस (१८४०–१९०१) याच्या नावावर सांगितले जाते. त्याची दोन रूपे प्रचलित आहेत. एकात तरुणी नायगरची, दुसऱ्यात रीगाची. रीगा ही आजच्या लॅटव्हियाची राजधानी. पण ‘टायगर’शी जुळण्यासाठी तिला ‘रायगा’ व्हावे लागते, आणि ‘टायगर’ला आपला शेवटचा ‘र’ सोडावा लागतो. एकच तरुणी बाल्टिक समुद्रावरून थेट पश्चिम आफ्रिकेत जाऊ शकते, कारण तिचा पत्ता भूगोलाने दिलेला नाही. तिच्या पत्त्यातले स्थिर अक्षर एकच : ‘आय’.

१२/
यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात येते. लिमरिकातील देशाला लोक नसतात, राजा नसतो, इतिहास नसतो. त्याला फक्त शेवटचे अक्षर असते. नायजर नदीचा प्रवाह कोणत्या दिशेने जातो, हे १७९६ साली मंगो पार्क सेगूला पोहोचेपर्यंत युरोपीय भूगोलज्ञांना ठाऊक नव्हते. तिच्या काठी राहणाऱ्यांना अर्थातच ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ‘नायजेरिया’ हे नाव फ्लोरा शॉ या पत्रकार स्त्रीने १८९७ साली लंडनच्या ‘द टाइम्स’मधून सुचवले. नकाशावर नावे बसवण्याचा अधिकार आणि नावांना यमके जुळवण्याची मौज एकाच काळात, एकाच शहरात नांदत होती.

१३/
ही मौज नेहमीच निष्पाप होती असेही नाही. लिअरच्या एका लिमरिकात जमैकाच्या गृहस्थाचे लग्न ‘क्वेकर’ स्त्रीशी होते आणि नवरा काळा निघाला म्हणून ती आक्रोश करते. ‘जमेका’ आणि ‘क्वेकऽ’ हे उच्चाराच्या दृष्टीने सुबक यमक. पण ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३चा, आणि त्या चळवळीत क्वेकर पंथीय आघाडीवर होते. ही पार्श्वभूमी ठाऊक असलेल्या वाचकाला इथला विनोद कोणाच्या खर्चाने चालला आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. यमकाची साक्ष घेताना ते कुणाच्या कातडीवर जुळवले गेले, हेही नोंदीत यायला हवे.

१४/
लिअरचा आपल्या मुंबईशीही संबंध आला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक याच्या निमंत्रणावरून तो १८७३च्या अखेरीस भारतात आला. १८७४ साली ‘द टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची ‘द कमरबंड’ ही कविता छापून आली. तीत ‘धोबी’ ही बसण्याची वस्तू आहे, पंखे बोलतात आणि कमरबंद नावाचा भयंकर प्राणी नायिकेला गिळून टाकतो. अर्थ काढून घेतला की शब्दाचा केवळ नाद उरतो, ही त्याची जुनीच युक्ती. फरक इतकाच, की मुंबईच्या वाचकाला धोबी म्हणजे काय हे माहीत होते. नेपाळी किंवा चिलीकर वाचक लिअरच्या लेखी समोर नव्हताच. इथे मात्र शब्दांचे मूळ मालक शेजारच्या गल्लीत राहत होते.

१५/
आता मराठीकडे वळू, कारण आपली अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. इंग्रजी लेखक ‘नायजर’ची पाच अक्षरे लिहून मोकळा होतो, वाचकाने ‘नायजर’ म्हणावे की ‘नीझेर’, हे तो वाचकावर सोपवतो. देवनागरीत ही पळवाट नाही. मराठीत देशाचे नाव लिहिणे म्हणजे उच्चाराची बाजू घेणे. ‘चिली’ लिहा की ‘चिले’, ‘केनिया’ लिहा की ‘केन्या’, निर्णय झालेलाच असतो. त्यामुळे आपल्याकडचा वाद जिभेवर न राहता छापील पानावर उतरतो आणि अधिक तीव्र होतो.

१६/
मासला म्हणून माझेच एक लिमरिक इथे ठेवतो. छंदाबद्दल जाणकारांनी उदार व्हावे.

पंतांनी एकदा नकाशात पाहिली चिली,
घाईघाईने तिच्यावर कविताही लिहिली;
कुणी सांगे, ‘अहो, चिले!’
‘अरेरे, हे काय ऐकिले!’
यमकाची सारी हौस तशीच राहिली.

दोनशे वर्षांनी कुणा संशोधकाला हे सापडले, तर तो दोन गोष्टी निश्चित सांगू शकेल : या काळच्या मराठीत ‘चिली’ रूढ होती आणि ‘चिले’ म्हणणारेही तिच्याशी भांडत होते. पंतांना चूक ठरवून मोकळा होणारा वाचक ही दुसरी गोष्ट हरवून बसेल.

१७/
यावर नेहमीचा आक्षेप येईल : ‘त्या देशातले लोक म्हणतात तोच खरा उच्चार.’ ऐकायला हे न्याय्य वाटते. मग विचारू या, कोणते लोक? ‘नीझेर’ हा उच्चार फ्रेंच आहे. तो देश ३ ऑगस्ट १९६० रोजी फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. तिथे हौसा आणि झर्मा बोलणारे लाखो लोक राहतात. ‘नायजर’ सोडून ‘नीझेर’ धरले, तर आपण एका साम्राज्याचा उच्चार टाकून दुसऱ्या साम्राज्याचा उचललेला असतो. ‘चिले’ ही तर जेत्यांची स्पॅनिश. मापुचे लोक तिथे स्पॅनिशांच्या आधीपासून आहेत. ‘मूळ उच्चार’ शोधत मागे गेलात तर प्रत्येक दाराआड आणखी एक दार आढळते.

१८/
आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार मोकळेपणाने सोडवला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त समुद्रापलीकडून आलेल्या टोपीकरांची नावे येतात : फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार. ‘फिरंगी’ हा शब्द ‘फ्रँक’ या नावापासून अरबी-फारसीच्या वाटेने आला. ‘इंग्रज’ आणि ‘वलंदेज’ पोर्तुगीजांच्या मुखातून आले. शेवटचा ‘ज’ तिथलाच. आणि डिंगमार? ते डेन्मार्कचे लोक. डेन्मार्कला पोर्तुगीज भाषेत ‘दिनामार्का’ म्हणतात, हे ध्यानात घेतले की शब्दाच्या वाटेचा अंदाज येतो. १६२० साली डॅनिश लोकांनी तरंगंबाडीला ठाणे घातले होते. ही वार्ता मराठी राजनीतीच्या ग्रंथापर्यंत पोहोचली, ती या ठसठशीत मराठी रूपात.

१९/
आज कुणी ‘डिंगमार चूक, डेन्मार्क बरोबर’ असे म्हणाले, तर आपण हसू. पण हसण्यापूर्वी पाहा : या एका शब्दात मराठ्यांना डॅनिशांची ओळख कुणामार्फत झाली, समुद्रावर त्या वेळी कोणाची भाषा चालत होती, आणि परके नाव मराठी जिभेने कसे आपलेसे केले, असे तीन धागे गुंफलेले आहेत. तीच गोष्ट ‘रूम’ या शब्दाची. विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेचा ओतारी ‘रूमी’ म्हणवतो. ती तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख, आणि त्या नावाच्या मुळाशी आहे रोम, पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची आठवण. हे नाव ‘दुरुस्त’ केले तर तोफेवरून दीड हजार वर्षांचा इतिहास पुसला जातो.

२०/
मग देशांनी स्वतःसाठी मागितलेल्या नावांचे काय? तिथे माझे मत बदलते. ब्रिटिश अमदानीत ‘कीन्या’ म्हटला जाणारा देश १९६३ साली स्वतंत्र झाला आणि जोमो केन्याटा यांच्या काळात ‘केन्या’ हा उच्चार जगभर रुळला. एका स्वराच्या अंतरात एक वसाहत मागे पडली. २०२२च्या जून महिन्यात संयुक्त राष्ट्रांनी ‘तुर्किये’ हे रूप स्वीकारले. इंग्रजीत देशाच्या आणि पक्ष्याच्या नावांची गल्लत होत होती, हे त्यामागचे एक कारण. जिवंत समाज आपले नाव सांगतो, तेव्हा ते शक्य तितके नीट घेणे हा शिष्टाचार आहे. तो पाळण्यासाठी भाषाशास्त्र लागत नाही.

२१/
पण शिष्टाचार आणि इतिहास यांची गल्लत नको. मराठीत ‘तुर्कस्तान’ म्हणणाऱ्याने कोणत्याही पक्ष्याचा उल्लेख कधी केलेला नव्हता. इंग्रजीचे ओझे आपण आपल्या खांद्यावर का घ्यावे? आजच्या बातमीत ‘तुर्किये’ जरूर लिहा. पहिल्या महायुद्धाविषयीचे जुने मराठी लेखन उद्धृत करताना मात्र तिथले ‘तुर्कस्तान’ तसेच राहू द्या. जुन्या पत्रातील ‘वलंदेज’ खोडून ‘डच’ करू नका. हवी तर तळाशी टीप द्या. आणि लिअरचा ‘नेपॉल’ही ‘नेपाळ’ करू नका, नाहीतर तो म्हातारा विनाकारण घोड्यावरच बसून राहील.

२२/
माझ्या दृष्टीने नियम तीन. जुना उच्चार भेटला तर तो कुणाचा, केव्हाचा आणि कोणत्या वाटेने आलेला, हे विचारा. आजच्या देशाने नाव मागितले तर ते मराठी जिभेला पेलेल अशा रूपात द्या. आणि एखादा विद्यार्थी धाडस करून ‘चिलीचा इतिहास’ सांगू लागला, तर पहिल्याच वाक्यात त्याचा ‘ई’कार धरून त्याला गप्प करू नका. नावाचा उच्चार दुरुस्त करायला एक क्षण पुरतो; त्या क्षणी गप्प झालेला माणूस पुन्हा बोलेलच याची खात्री नसते.

२३/
यमक जुळवणाऱ्याने आपला कान आपल्यासाठी मागे ठेवला आहे. तो कान कधी लंडनचा असतो, कधी पन्हाळ्याचा, कधी मुंबईच्या छापखान्यातला. आपण त्यातून ऐकायचे असते. तुमच्या घरात आजी-आजोबांच्या तोंडी देशांची कोणती जुनी नावे आहेत? ‘विलायत’ आणि ‘इराण’ सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यापलीकडची असतील तर खाली लिहा. उच्चार जसा ऐकलात तसाच लिहा, सुधारून नको.

धागा समाप्त.